खांद्यावरची चार बोटं

निवृत्त होऊन वर्ष झालं होतं, तेव्हा एका कॉलेजच्या ग्रंथालयातून फोन आला. सुरतेत पोटासाठी आलेल्या लोकांच्या घरातले जुने फोटो गोळा करून त्यांचा डिजिटल संग्रह करायचं काम तिथं चाललं होतं. फोटो देणारे पुष्कळ जण खानदेशातले. फोटोंच्या मागं मराठीत काहीबाही लिहिलेलं असायचं, कधी पेनानं, कधी शिसपेन्सिलीनं, आणि ते तिथं कोणाला धड लागत नव्हतं. मराठी शाळेत मी तीस वर्षं मुलांची अक्षरं वाचलेली. कोणीतरी माझं नाव सुचवलं असावं. आठवड्यातून तीन दिवस जायचं ठरलं.

काम बघणाऱ्या बाई गुजराती होत्या, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. सगळे त्यांना बेन म्हणत, मीही म्हणू लागले. आमचं बोलणं निम्मं हिंदीत, निम्मं गुजरातीत चालायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी एक फोटो माझ्या तळहातावर ठेवला आणि विचारलं, "काय आहे हे?"

"लग्नातला फोटो," मी म्हटलं. "नवरा-नवरी आणि मागं बहुतेक करवली."

"ते झालं चित्र. आता वस्तू बघा."

मला कळेना. त्यांनी फोटो उलटा केला. चारही कोपऱ्यांत टाचणीची भोकं होती, एकेका कोपऱ्यात दोन दोन. म्हणजे हा फोटो दोनदा भिंतीवर लागला होता. बहुतेक दोन घरांत. एका घरात चुलीजवळ असावा, कारण त्याची खालची बाजू धुरानं पिवळी पडली होती. बेन म्हणाल्या, "स्कॅनरला नवरा-नवरी दिसतात. भोकं आणि धूर आपण लिहायचा. नाहीतर संगणकावर सगळे फोटो सारखेच होतात. गुळगुळीत."

मला ते काम आवडायला लागलं. कुणाच्या फोटोवर नवरीच्या कपाळाशी खरं कुंकू लावलेलं असे, कुणाचा फोटो खिशात राहून राहून घामानं मऊ पडलेला असे. मी मागची बाजू वाचून द्यायची आणि एका फॉर्ममध्ये वर्णन भरायचं. काही महिन्यांतच बेन माझ्या नोंदी न तपासता पुढं पाठवू लागल्या. मला त्याचा थोडा गर्वही झाला होता.

एके दिवशी चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, "तुमच्या घरचा एकही फोटो नाही का संग्रहात?"

"आहे एक घरी," मी म्हटलं, "आईचा. पण फ्रेममध्ये आहे."

"मग फ्रेमसकट आणा."

मी लगेच आणला नाही. दोन-तीन आठवडे टाळलं. त्याचं कारण सांगायला हवं.

मी सव्वा वर्षाची असताना आई तापानं गेली. तेव्हा आम्ही सुरतेतच नवागामच्या एका चाळीत राहत होतो, वडील लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला होते. मग आत्या आली आणि माझ्या मोठ्या बहिणीला, आक्काला, आणि मला अमळनेरजवळच्या गावी घेऊन गेली. आठवीत मी परत सुरतेला आले, तोवर वडिलांनी ती खोली सोडली होती. आईचं म्हणून आमच्याकडं काही उरलं असेल तर तो फोटो. वडील गेल्यावर आक्का म्हणाली, "तूच ठेव. मला ती थोडी तरी आठवते, तुला तर काहीच नाही." म्हणून तो माझ्याकडं आला.

त्या फोटोत आई रागावलेली दिसते. ओठ घट्ट मिटलेले, डोळे मोठे केलेले, मान ताठ. लहानपणी मला वाटायचं, ती माझ्यावरच रागावली आहे. माझ्यानंतरच ती गेली ना! मोठेपणी असलं काही मी बोलत नसे, पण सर्वपित्री अमावस्येला काच पुसताना अजूनही मी तिच्या नजरेला नजर देत नव्हते. तो चेहरा मोठा करून पडद्यावर बघायचा, याचं मला भय वाटत होतं.

शेवटी आणला. बेननी फ्रेम आधी तशीच चारी बाजूंनी कॅमेऱ्यानं टिपली. मग उपडी करून मागचे खिळे एकेक करून सोडवले. पाठीला पुठ्ठा होता, तो साडीच्या खोक्याचं झाकण कापून केलेला. गुलाबी कागदावर कुठल्याशा नर्तकीचं छापील चित्र, आतल्या बाजूला म्हणून अजून ताजं राहिलेलं. आईच्या पाठीशी इतकी वर्षं ती नर्तकी होती आणि मला पत्ता नव्हता.

फोटोवर काळ्या कागदाची लंबगोल चौकट होती. तिच्यामुळं फोटो काचेला चिकटला नव्हता. "नशीबवान आहात," बेन म्हणाल्या आणि चिमट्यानं त्यांनी ती चौकट उचलली.

आईच्या खांद्यावर चार बोटं होती.

दुसऱ्या कुणाचीतरी. मनगटाच्या अलीकडेच फोटो संपत होता. आईच्या अंगावर कुणाचा तरी हात आहे, ही गोष्ट मला त्या वयात पहिल्यांदा कळत होती.

बेननी खोलीतला उजेड कमी केला आणि एक छोटा दिवा टेबलावर आडवा ठेवला. त्या तिरप्या उजेडात कागदाचे उंचवटे दिसायला लागले. "तीन कडा स्टुडिओच्या यंत्रानं कापलेल्या आहेत, सरळ. ही चौथी बघा."

चौथी कड सरळ नव्हती. बारीक बारीक, नखाएवढे कितीतरी काप एकापुढं एक दिले होते. खाली पदराशी ते जवळजवळ सरळ आले होते, पण खांद्यापाशी येऊन बाहेर वळले होते, बोटांना वळसा घालून पुन्हा आत आले होते.

फॉर्ममध्ये मी लिहिलं, 'घरातील वादामुळे एका व्यक्तीला फोटोतून कापून काढले आहे.' बेनना मराठी वाचता येत नसे, म्हणून अर्थ सांगितला.

"वाद कुठं दिसला तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"कापून टाकलंय ना कुणाला तरी."

"कापलंय, एवढंच दिसतं." मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "जुओ, कल्पना ना करो."

बघायचं, कल्पना करायची नाही; इतके महिने दुसऱ्यांच्या फोटोंबाबत हेच मी पाळत आले होते. घरचा फोटो आल्याबरोबर विसरले. मी ओळ खोडली. खरं सांगायचं तर माझ्या मनात तोवर कात्री आत्याच्या हातात देऊनही झाली होती. आत्या करारी होती, आईचा विषय निघाला की गप्प बसायची. तिनंच कुणाचा तरी काटा काढला असेल, असं मी धरून चालले. ती बिचारी जाऊन किती वर्षं झाली.

स्कॅन मोठा करून बघितला. बोटांच्या मागं, हाताच्या पाठीवर गोंदण होतं. चार कोपऱ्यांत चार ठिपके आणि मधे एक.

पुढच्या रविवारी मी आक्काकडं, सुरतेजवळच्या सचिन गावी गेले. भावोजी तिथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झाले, त्यामुळं त्यांचं घर तिकडंच आहे. आई गेली तेव्हा आक्का सात वर्षांची होती. मी मोबाइलवर तिला ती बोटं दाखवली. ती भाजी निवडत होती. तिनं चष्मा कपाळावरून खाली घेतला, बघितलं, आणि मला जराही तयार व्हायला वेळ न देता म्हणाली, "हा मावशीचा हात."

"कोण मावशी?"

"शेजारची. दोन वर्षं तिनंच तर सांभाळलं आपल्याला. आत्या येईपर्यंत."

"दोन वर्षं? मला वाटत होतं आत्या लगेच आली."

"आत्याची सासू अंथरुणाला खिळलेली होती, ती कशी येईल लगेच? बाबा लूमवर. तू सारखी मावशीच्या कडेवर असायचीस. तिलाच आई म्हणायचीस."

मला राग आला. "हे तू मला कधीच का नाही सांगितलंस?"

आक्कानं भाजी पुन्हा पुढं ओढली. "तू कधी विचारलंस? आईचं नाव काढलं की तू उठून जायचीस. मी आपली गप्प बसले." मग म्हणाली, "आहे ती अजून. डिंडोलीत, मुलाकडं. मागं एका लग्नात भेटली होती, तुझी चौकशी करत होती."

आठ दिवसांनी मी डिंडोलीला गेले. मूळ फोटो पाकिटात घातला होता. घर गल्लीच्या टोकाला होतं. दाराशीच खाटेवर एक म्हातारी बसली होती, लहान चणीची, नऊवारी गुडघ्यापर्यंत आवरलेली. आत सून साडीवर खडे चिकटवत होती. डिंकाचा वास गल्लीपर्यंत येत होता.

"कोन शे व माय?" म्हातारीनं विचारलं.

मी वडिलांचं नाव सांगितलं. म्हटलं, मी त्यांची धाकटी. नवागामच्या चाळीतली.

खाटेवर हात आपटून तिनं मला शेजारी बसायला लावलं आणि माझा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहिली. तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर पाच ठिपके होते, हिरवे, सुरकुत्यांत जरा पसरलेले. मी फोटो काढून तिच्या मांडीवर ठेवला.

तिला दिसायला कमीच होतं. तिनं फोटोच्या कडेवरून अंगठा फिरवला, वरून खाली, काप मोजावेत तसा. "मीच कापा हाऊ फोटो," ती म्हणाली.

आमची आई आणि ती, दोघी खानदेशातल्याच, एकाच वर्षी लग्न होऊन त्या चाळीत आलेल्या. घरी कापड आणून त्याचे सुटे धागे काढायचं काम दोघी मिळून करायच्या. आई गेल्यावर तेराव्याला फोटो हवा होता. आईचा एकटीचा फोटो नव्हताच. होता तो दोघींचा.

"मग तुम्ही स्वतःला कापून काढलंत?" मी विचारलं.

"जित्ता मानूसना फोटोले हार घालतस का?" तिनं मलाच उलट विचारलं. घरात मोठी कात्री नव्हती. धागे कापायची चिमटीएवढी कातर होती, त्याच कातरीनं कापलं. हातही कापून काढला असता तर आईच्या खांद्यावर गेली असती कातर. "तिना खांदा कसा कापू व माय मी? मन्हा हात ऱ्हायना ते ऱ्हायना." मग तो राहिलेला हात लोकांना दिसू नये म्हणून वर काळ्या कागदाची चौकट तिनंच बसवली आणि साडीच्या खोक्याचा पुठ्ठा फ्रेमवाल्याला तिनंच नेऊन दिला.

आत्याला मी मनातल्या मनात हात जोडले.

"दुसरा भाग कुठं आहे मावशी? तुमचा?"

तिनं सुनेला हाक मारली. सुनेनं माळ्यावरून एक पत्र्याचा डबा काढला. एका वर्षी खाडीचं पाणी घरात शिरलं होतं, तेव्हा तो डबा दोन दिवस पाण्यात होता. फोटोचा तुकडा झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटून बसला होता. साडीचे काठ दिसत होते, कोपरापर्यंतचा हात दिसत होता. वर चेहऱ्याच्या जागी पांढरा, फुगलेला कागद. चित्राचा थर तिथून निघून गेला होता.

मावशीचा तरुणपणीचा दुसरा फोटोच नव्हता. सून म्हणाली, "बाई, आता मोबाइलवर होतं ना सगळं. चेहरा बनवून देतात, अगदी खरा वाटतो. तुम्ही कॉम्प्युटरवाल्या, तुम्ही देता का करून?" तिनं ते मायेनंच विचारलं होतं. सासूचा फोटो व्हावा, एवढंच तिच्या मनात.

मी मावशीकडं बघितलं. ती हसली. "तो कोन्हा चेहरा ऱ्हाई?"

चेहरा कोणाचा, हे ऐकून सूनही हसली. मी सांगितलं, जे आहे ते नीट टिपून ठेवते. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं, त्या काळातली मावशी स्पष्ट अशी फक्त एकाच ठिकाणी उरली आहे, आईच्या खांद्यावर. तिनं कापायचं टाळलं म्हणून तेवढी उरली.

जाता जाता मी विचारलं, खूप धीर करून विचारलं, "मावशी, आई एवढी रागावलेली का दिसते हो फोटोत?"

"रागे?" मावशीनं फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला. मग ती अशी हसायला लागली की तिला ठसका लागला, सुनेला पाणी आणावं लागलं. लूम बंद असायचे त्या दिवशी दोघी न सांगता स्टुडिओत गेल्या होत्या. फोटोवाल्याच्या मिशीला एका बाजूनं पावडर लागली होती. आईला हसू आवरेना. तो बिचारा काळ्या कापडाखाली जायचा, बाहेर यायचा, म्हणायचा, बाई, हलू नका. तीनदा झालं असं. चौथ्या वेळी मावशीनं आईचा खांदा घट्ट दाबून धरला आणि आईनं ओठ मिटून, डोळे मोठे करून श्वास रोखला. फोटो निघाल्याबरोबर ती तिथंच खाली बसून पोट धरून हसली.

"पोट धरीसन," मावशी म्हणाली. "तू पोटमा व्हती ना."

मी गल्लीतून बाहेर कशी आले, रिक्षा कुठं मिळाली, मला सांगता येणार नाही. मी बरी आहे ना, म्हणून रिक्षावाल्यानं दोनदा विचारलं, "बेन, तबियत तो सारी छे ने?" मी म्हटलं, सारी छे, भाई, बहु सारी छे.

घरी जाऊन मी फोटो टेबलावर ठेवला आणि आईच्या डोळ्यांत बघितलं. बराच वेळ बघितलं. आता तिथं राग शोधूनही सापडत नव्हता. मिटलेल्या ओठांच्या एका कोपऱ्यात बारीकशी चुणी होती.

पुढच्या आठवड्यात बेन स्वतः माझ्याबरोबर डिंडोलीला आल्या. डब्याच्या झाकणापासून फोटो सोडवायचा नाही, असं त्यांनी बघताक्षणी सांगितलं. झाकणासकट टिपायचा, गंजासकट. मावशीच्या खाटेवर पांढरा कपडा अंथरून त्यांनी कॅमेऱ्यानं ते काम केलं. मावशी त्यांना गुजरातीत विचारत होती की चहा चालेल का, आणि बेन अर्धवट मराठीत हो म्हणत होत्या. संगणकावर दोन्ही तुकडे शेजारी शेजारी आणले तेव्हा काप कापाला लागला, मधे फक्त केसाएवढी फट राहिली. एका जागी मात्र आईच्या बाजूचा तुकडा मावशीच्या हातापर्यंत शिरला होता. ती फट बुजवायची का, असं मी विचारलं. बेन म्हणाल्या, नको, तीच तर खरी गोष्ट आहे. दोन तुकड्यांना दोन वेगळे क्रमांक दिले, आणि प्रत्येकाच्या नोंदीत दुसऱ्याचा क्रमांक लिहिला.

वर्णनाच्या रकान्यात मी दिसतं तेवढंच लिहिलं. कापांची लांबी, वळसा, गोंदणाचे पाच ठिपके, काळा कागद, पुठ्ठा. त्याखाली 'फोटो देणाऱ्यांचं सांगणं' असा रकाना असतो. तिथं मावशीचं बोलणं तिच्या शब्दांत उतरवलं, अहिराणीत जसंच्या तसं. मिशीवरच्या पावडरीसकट. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत मी इतकं काळजीपूर्वक शुद्धलेखन कधी केलं नव्हतं, आणि त्यात अहिराणीचं शुद्धलेखन कुठं कुणी ठरवलंय!

मावशीला आम्ही कागदावर छापून एक प्रत दिली. तिनं ती भिंतीवर लावू दिली नाही, उशीखाली ठेवली.

एक दिवस सुनेच्या फोनवरून तिचा फोन आला. रविवारी ये, पण एकटी नको, "आक्काले बी लई येजो." आक्का आढेवेढे घेत होती, गुडघे दुखतात म्हणाली, पण आली. खाटेसमोर उभी राहिली आणि साठी ओलांडलेली माझी बहीण सात वर्षांच्या मुलीसारखी रडली. मावशीनं तिला रडू दिलं. मग तिला विचारलं, धाकटीला रात्री झोपवताना तू कोणतं गाणं म्हणायचीस ते आठवतं का? आक्काला आठवत होतं. तिनं ते म्हटलं, मधे अडखळली तिथं मावशीनं पुढचे शब्द दिले. मी ऐकत बसले. मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं, तरी बरं वाटत होतं.

सुनेनं ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत केलं होतं. पानं घेतली. मी घरून ठरवून आले होते की आज नीट शब्दांत बोलायचं. दोन वर्षं तुम्ही मला सांभाळलंत, आई म्हणवून घेतलंत, आणि मी एकदाही तुमची विचारपूस केली नाही, असं सगळं. मी सुरुवात केली, "मावशी, मला तुम्हाला एक सांगायचंय..."

"पहिले भाकर खाय," ती म्हणाली.

खाल्ली. दोन खाल्ल्या. मग सांगितलंच.